नदीचे गँगमन

(गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात व्याख्यानाच्या दिवशी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



कार्यवाह मला म्हणाले, "या वर्षी तुम्ही बोला. विषय कोणताही घ्या, पण वीस मिनिटांत आटपा." मी विषय सांगितला : गोड्या पाण्यातील सूक्ष्म आदिजीवांची विविधता आणि नदीच्या पाण्याचा दर्जा. ते म्हणाले, "यात पाच मिनिटे तर नावातच गेली!" म्हणून नाव सोपे केले. आजच्या भाषणाचे नाव आहे 'नदीचे गँगमन'. गँगमन कोण, ते पुढे कळेलच.

आधीच सांगतो, मी शास्त्रज्ञ नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. रूळ, पूल, क्वार्टरची गळती आणि गेली काही वर्षे कॉलनीच्या सांडपाण्याचा प्लँट, एवढेच माझे जग. पण त्या प्लँटवर मला एक गोष्ट शिकायला मिळाली. ती शिकताना माझ्या हातून एक चूकही झाली. आज त्या दोन्हींबद्दल बोलायचे आहे.

दिल्लीत पावसाळा आला की एक पूल हमखास टीव्हीवर दिसतो. यमुनेवरचा जुना लोखंडी पूल. १८६६ साली बांधलेला, वर रेल्वे आणि खाली रस्ता असा दुमजली. यमुनेला पूर आला की तिची पातळी या पुलापाशी मोजतात. धोक्याची पातळी २०५.३३ मीटर. १९७८ च्या पुरात पाणी २०७.४९ मीटरपर्यंत गेले होते. पुढे पंचेचाळीस वर्षे तो विक्रम टिकला आणि जुलै २०२३ मध्ये मोडला, १३ जुलैला पाणी २०८.६६ मीटरवर गेले. आम्हा पुलाच्या माणसांना हे आकडे पाठ असतात.

पण श्रोतेहो, पुलाची पट्टी पाणी किती आहे ते सांगते. पाणी कसे आहे, हे ती सांगत नाही. ते कोण सांगणार?

तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळा सांगेल. बरोबर आहे. नदीत स्नान करायचे असेल तर पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ५ मिलीग्रॅम किंवा जास्त असावा, आणि बीओडी ३ किंवा कमी असावा, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचे माप. घाण जास्त, तर बीओडी जास्त. हे मापन उत्तमच आहे. पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे वेळ. आपल्याकडे बीओडीची बाटली २७ अंश तापमानात ३ दिवस ठेवावी लागते. काही देशांत २० अंशांत ५ दिवस ठेवतात. म्हणजे आजच्या पाण्याचा निकाल लवकरात लवकर तीन दिवसांनी. प्रत्यक्षात नमुना पोहोचणे, टायपिंग, सही, जावक क्रमांक हे सगळे धरले तर आठवडा. दुसरी अडचण म्हणजे बाटली हा फोटो आहे. सकाळी दहा वाजता भरली, तर सकाळी दहाचे पाणी. रात्री दोन वाजता कोणी काही सोडले असेल तर ते बाटलीत येत नाही.

रुळांचेच उदाहरण घ्या. तपासणीची गाडी ठरल्या वेळी येते, आकडे छापून देते. ती हवीच. पण सांध्याचा बोल्ट सैल झाला आहे हे आधी कोणाला कळते? रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून आपला टप्पा पायी चालणाऱ्या माणसाला. आता त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पण आपल्या तोंडी गँगमनच. तो नुसता दोष पाहत नाही, तो दुरुस्तही करतो.

नदीतही असे गँगमन असतात. फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत.

शाळेच्या पुस्तकातला अमीबा आठवतो? आणि चपलेच्या तळव्यासारखा पॅरामिशियम? आकृती काढून नावे द्या, पाच गुण! तेच हे. यांना प्रोटोझोआ म्हणजे आदिजीव म्हणतात. एकाच पेशीचा सगळा संसार. पॅरामिशियम लांबीला एक मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा. तेवढ्या देहात खाणे, पचवणे, पोहणे, आणि आत शिरलेले जादा पाणी पंपासारखे बाहेर फेकणे, सगळे चालते.

यांना प्रथम पाहिले कोणी? हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याने. १६७४ साली त्याने गावाजवळच्या तळ्याचे पाणी स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरले, आणि त्यात हिंडणाऱ्या इवल्याशा जिवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. त्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. माझ्यासारखा डिप्लोमासुद्धा नव्हता. त्यामुळे हा माणूस मला जवळचा वाटतो.

सोयीसाठी या मंडळींचे तीन गट करू. पहिला शेपटीवाल्यांचा, चाबकासारखी शेपटी हलवत पोहणाऱ्यांचा. दुसरा अमीबासारख्या पसरत सरकणाऱ्यांचा. तिसरा केसाळ मंडळींचा. अंगभर बारीक केसांसारखे धागे, त्यांची वल्ही करून ते पोहतात किंवा तोंडाकडे पाण्याचा भोवरा ओढतात. या केसाळांत काही मोकळे पोहणारे, काही गाळाच्या कणांवर किड्यासारखे चालणारे, आणि काही देठाने एका जागी चिकटून राहणारे. नुसत्या या तिसऱ्या गटात काही हजार जाती आहेत.

देठवाल्यांतली सर्वांत देखणी म्हणजे व्हॉर्टिसेला. उलट्या धरलेल्या घंटीसारखा देह, खाली लांब देठ. काही टोचले, धक्का बसला की तो देठ क्षणाच्या शंभराव्या हिश्श्यात गुंडाळून आपल्या बोगीच्या कॉइल स्प्रिंगसारखा होतो, आणि मग सावकाश पुन्हा सरळ होतो. आमच्या प्लँटवर तिला सगळे 'घंटी' म्हणतात. मीही तेच म्हणतो.

या घंट्या काय करतात? जिवाणू खातात. सांडपाण्याच्या प्लँटमध्ये हवा फुंकून जिवाणू वाढवायचे, त्यांच्याकडून घाण खाऊन घ्यायची आणि मग तो गाळ खाली बसवायचा, ही पद्धत १९१४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. पुष्कळ वर्षे असे वाटत होते की काम करतात ते जिवाणूच. हे बाकीचे फुकटचे पाहुणे. १९६८ साली इंग्लंडमध्येच कर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोटे प्रायोगिक प्लँट केसाळांशिवाय चालवून पाहिले. बाहेर पडणारे पाणी गढूळ, जिवाणूंनी भरलेले, बीओडी जास्त. मग त्यांत केसाळ आदिजीव सोडले, आणि पाणी निवळले. म्हणजे हे पाहुणे नव्हते, हीच गँग होती.

आता विविधतेकडे येतो. आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा : पाण्यात जीव किती आहेत यापेक्षा किती प्रकारचे आहेत हे पाहावे.

आपल्या कॉलनीत ड्रायव्हर आहेत, गार्ड आहेत, फिटर, खलाशी, मास्तर, नर्स, शाळेच्या बाई, सगळे आहेत. प्रत्येक प्रकारचे थोडे थोडे. म्हणून कॉलनी चालते. उद्या पाहिले आणि सगळ्या क्वार्टरांत एकाच कामाची पाचशे माणसे राहत आहेत, तर आपण म्हणू की इथे काहीतरी बिघडले आहे. पाण्याचे तसेच आहे. चांगल्या पाण्यात जाती पुष्कळ, प्रत्येकीची संख्या बेताची. सांडपाणी शिरले की बहुतेक जाती निघून जातात. ज्या दोन-चार उरतात त्यांना खायला भरपूर आणि अडवायला कोणी नाही, म्हणून त्यांची गर्दी होते. आणि विषारी रसायन शिरले तर जाती कमी आणि संख्याही कमी, सगळा शुकशुकाट. जाती आणि संख्या अशा दोन बाजू पाहिल्या की रोग सांडपाण्याचा की विषाचा, याचा अंदाज येतो.

जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०८ आणि १९०९ साली याची एक शिडीच बनवली. पाण्यात कुजणे किती चालले आहे त्यावर चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर कोणते जीव सापडतात त्याची यादी. गंमत म्हणजे एकाच घराण्यातल्या बहिणी वेगवेगळ्या पायऱ्यांवर राहतात. व्हॉर्टिसेला मायक्रोस्टोमा, म्हणजे लहान तोंडाची घंटी, सर्वांत घाण पाण्यातही तग धरते. व्हॉर्टिसेला कॉन्व्हलेरिया तिच्यापेक्षा बऱ्या पाण्यात, आणि व्हॉर्टिसेला कॅम्पॅन्युला त्याहून बऱ्या पाण्यात. म्हणजे 'घंटी दिसली' एवढ्याने भागत नाही, कोणती घंटी हे पाहावे लागते. अगदी प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलातही मेटोपससारखे काही केसाळ जगतात. त्यांना प्राणवायूच नको असतो. त्यामुळे नदी 'मेली' असे आपण म्हणतो तेव्हा ती रिकामी नसते. तिच्या घरात दुसरेच बिऱ्हाड आलेले असते.

एवढे ऐकल्यावर आता माझी चूक सांगतो.

आमच्या प्लँटवर एक ऑपरेटर आहे. दहावी पास, पन्नाशी ओलांडलेला, इकडचाच. शेडमध्ये एक जुना मायक्रोस्कोप आहे. तो रोज सकाळी हवेच्या टाकीतला एक थेंब काचेवर घेतो आणि पाहतो. त्याची एक वही आहे. तीत हिंदीत लिहिलेले असते, 'आज घंटी ११', 'आज घंटी १२, चलने वाले बहुत.' मला वाटायचे, बसल्या बसल्या विरंगुळा आहे.

एका सोमवारी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहब, घंटियाँ डंडी छोड़ के भाग रही हैं."

मी विचारले, "पानी का रंग?"

"रंग ठीक है."

"बू?"

"बू भी ठीक है."

माझ्यासमोर मागच्या आठवड्यात भरलेल्या बाटलीचा रिपोर्ट होता. सगळे आकडे मर्यादेत. महिन्याच्या तक्त्यावर 'प्लँटचे काम समाधानकारक' असे लिहून मी सही करत होतो. मी म्हणालो, "रिपोर्ट तो ठीक है ना, भैया." तो काही बोलला नाही. वही काखेत धरून गेला.

तिसऱ्या दिवशी बाहेर पडणारे पाणी ताकाच्या निवळीसारखे पांढुरके झाले. लिटरच्या नळकांड्यात गाळ अर्ध्या तासात खाली बसायला हवा, तो बसेना. थेंबात घंट्या नाहीत, चालणारे नाहीत, काहीच नाही. शोधत शोधत वरच्या बाजूला गेलो तेव्हा एका मॅनहोलपाशी साफसफाईच्या ॲसिडचे रिकामे कॅन पडलेले सापडले. कोणी ओतले ते शेवटपर्यंत कळले नाही. पण घंट्यांना ते रविवारी रात्रीच कळले होते. घंटीची एक खोड आहे. पाणी सोसवेनासे झाले की ती देठ तोडते, खालच्या बाजूला केसांचे एक कडे उगवते आणि पोहत दुसरी जागा शोधायला निघते. ऑपरेटरने सोमवारी पाहिले होते ते हेच. त्याच दिवशी आवक थांबवून टाकी वळवली असती, तर निम्मे नुकसान वाचले असते.

बिघडलेल्या पाण्याची बाटली त्यानंतर पाठवली. रिपोर्ट आठवड्याने आला, बीओडी मर्यादेच्या कितीतरी वर. तोवर ते पाणी नाल्याने यमुनेत गेलेले. चौकशी झाली नाही, मला कोणी विचारले नाही. कागदोपत्री सोमवारचे काम 'समाधानकारक' होते आणि खाली माझी सही होती. चांगला गँगमन येऊन सांगतो की साहेब, रूळ तडकला आहे. आणि साहेब म्हणतो, मागच्या महिन्यात गाडी गेली तेव्हा ठीक होता. मी तेच केले. रुळावर असे केले असते तर आज तुमच्यासमोर उभा राहू शकलो नसतो.

दुसऱ्या प्लँटवरून टँकरने चांगला गाळ आणून आमची टाकी पुन्हा उभी केली. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी रोज सकाळी त्या मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि नवी वस्ती कशी बसते ते पाहिले. आधी शेपटीवाले आणि बारीक अमीबा आले. मग मोकळे पोहणारे केसाळ. मग गाळाच्या कणांवर चालणारे. आणि सर्वांत शेवटी देठवाल्या घंट्या. हा क्रम जगभरच्या प्लँटांत असाच दिसतो. त्यावरून गाळाचा दर्जा शून्य ते दहा अशा गुणांत मोजण्याची पद्धत इटलीतल्या मादोनी यांनी १९९४ साली दिली. कोणती मंडळी थेंबात जास्त आहेत ते पाहायचे, एकूण किती प्रकार आहेत ते मोजायचे, की प्लँटची तब्येत कळते. त्याला तीन दिवस लागत नाहीत, सकाळचा चहा होईपर्यंत उत्तर मिळते.

आता प्लँटमधून नदीकडे जाऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने यमुनेचे पाच टप्पे केले आहेत. रेल्वेवाल्यांना सेक्शन म्हटले की पटकन समजेल. यमुनोत्री ते ताजेवाला, १७२ किलोमीटर. ताजेवाला ते वझीराबाद, २२४. वझीराबाद ते ओखला, २२. ओखला ते चंबळ संगम, ४९०. चंबळ संगम ते प्रयागराज, ४६८. बेरीज १३७६ किलोमीटर.

यातला २२ किलोमीटरचा सेक्शन आपला, दिल्लीचा. नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पण नदीतल्या एकूण घाणीपैकी सुमारे तीन चतुर्थांश घाण या २२ किलोमीटरांत पडते. वझीराबादचा बंधारा ओलांडला की लगेच नजफगढ नाला येऊन मिळतो. हा नाला म्हणजे एके काळची साहिबी नदी, अरवलीतून येणारी. आपण तिचे नावही काढून घेतले आणि तिला नाला म्हणू लागलो. तिथून खाली वर्षातले कितीतरी महिने यमुनेत विरघळलेला प्राणवायू शून्य असतो. आपला लोखंडी पूल त्याच पट्ट्यात आहे. म्हणजे जिथे आपण पाण्याची उंची सेंटिमीटरपर्यंत मोजतो, तिथेच त्या पाण्यात मासा श्वास घेऊ शकत नाही.

आता पुढचा आकडा पाहा. ओखल्यानंतरचा टप्पा ४९० किलोमीटरचा आहे. इतके अंतर नदी ते ओझे वाहत जाते. मथुरा गेले, आग्रा गेले, आणि इटाव्याच्या पुढे चंबळेचे भरपूर चांगले पाणी मिळाले की ती सावरते. २२ किलोमीटरचे दुखणे आणि ४९० किलोमीटरची फरफट. आणि वाटेत जी काही सुधारणा होते ती कोणते मशीन करते? तेच जिवाणू, आणि त्यांना खाणारे तेच आदिजीव, शिडीची एकेक पायरी वर चढत. आपण दिल्लीत त्यांचा जो सफाया करतो, त्याचा हिशेब मथुरेच्या आणि आग्र्याच्या माणसाला भरावा लागतो.

आपणही यात धुतल्या तांदळासारखे नाही. कित्येक वर्षे गाडी पुलावरून जाताना डब्यातले सगळे थेट खाली पडत असे. २०११ साली ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेसला बायो-टॉयलेट बसले, आणि पुढच्या दहा वर्षांत ते बहुतेक सगळ्या डब्यांत पोहोचले. त्याच्या टाकीतही काम जिवाणूच करतात. त्यात ॲसिड ओतले, बाटल्या-पिशव्या टाकल्या की तिथेही माझ्या प्लँटसारखेच होते. हे तुमच्या मुलांना गाडीत बसताना जरूर सांगा.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. पहिली, घंट्या दिसल्या म्हणून पाणी पिण्याजोगे झाले असे समजू नका. सगळेच आदिजीव आपले मित्र नाहीत. आमांश करणारा एंटअमीबा आणि जिआर्डिया हेही याच बिरादरीतले. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा असाच एक जीव नळाच्या पाण्यात शिरला आणि सुमारे चार लाख माणसे आजारी पडली. त्याच्यावर क्लोरीनही नीट चालत नाही. तेव्हा पिण्याचे पाणी गाळून, उकळून किंवा चांगल्या शुद्धीकरणानंतरच प्यावे. दुसरी, प्रयोगशाळेचा रिपोर्ट फेकून द्या असे मी म्हणत नाही. जड धातू किंवा विषाणू मायक्रोस्कोपच्या थेंबात दिसत नाहीत. तपासणीची गाडी आणि गँगमन, दोघेही हवेत. चीनने १९९१ साली नदीच्या पाण्यासाठी अशी एक पद्धत राष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारली. फोमचा तुकडा काही दिवस पाण्यात टांगून ठेवायचा, त्यात आदिजीव वस्तीला येतात, मग तो पिळून आलेल्या पाण्यात किती जाती आहेत ते पाहायचे. मूळ कल्पना अमेरिकेतल्या जॉन केर्न्स यांची. आपल्या मंडळाच्या जैविक तपासणीत तळाशी राहणारे, डोळ्यांना दिसणारे किडे आणि गोगलगायी मोजतात, तीही याच तत्त्वावर.

कार्यवाह घड्याळ दाखवत आहेत. शेवटचे आणि जरा अवघड बोलतो. रागावू नका.

केंद्रीय मंडळाने २०१० साली मूर्ती विसर्जनाचे नियम केले, २०२० साली ते सुधारले. दिल्लीत आता यमुनेत विसर्जन करता येत नाही. आपण कॉलनीत हौद बांधतो, शाडूची मूर्ती आणतो, आणि आपल्याला वाटते की आपण नदीचे देणे फेडले. मलाही तसेच वाटायचे.

त्या चुकीनंतर मी ऑपरेटरची वही मागून घेतली आणि मागची पाने चाळली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचे पान निघाले. त्यावर लिहिले होते, 'आज घंटी २. पानी में मिट्टी, फूल.' रोज अकरा-बारा, त्या दिवशी दोन. पुन्हा अकरावर यायला चार दिवस लागले.

आपण विसर्जनानंतर रात्री हौदाची चावी एकदम उघडली होती. शाडू, रंग, कुजायला लागलेला हार-फुलांचा ढीग, सगळे एका तासात मॅनहोलमध्ये. हौद आपला, मॅनहोल आपले, प्लँट आपला, आणि हौद रिकामा करायला सांगणाऱ्यांत मीही होतो. नदीत बुडवले नाही एवढेच. नदीपर्यंत पोहोचवले मात्र आपणच.

माझ्या तीन सूचना आहेत. निर्माल्य हौदात पडूच द्यायचे नाही, वेगळ्या पिंपात घेऊन बागेत त्याचे खत करायचे. विसर्जनानंतर हौद दोन दिवस स्वस्थ ठेवायचा, वरचे निवळ पाणी थोडे थोडे सोडायचे. तळाची शाडू काढून वाळवायची, ती पुढच्या वर्षी मुलांच्या मूर्तिकाम वर्गाला येईल. खर्च काही नाही, दोन दिवसांचा धीर लागेल.

आणि मुलांसाठी एक काम. मनु प्रकाश यांनी २०१४ साली जगापुढे आणलेला फोल्डस्कोप नावाचा कागदी मायक्रोस्कोप मिळतो. तो घ्या. बाप्पाला वाहिलेल्या दूर्वांची एक जुडी बरणीभर तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि रोज एक थेंब पाहा. चार दिवसांत शेपटीवाले दिसतील, आठवड्यात केसाळ, आणि नशीब असेल तर एखादी घंटीही. हे जीव कोरड्या गवतावर, धुळीत कोष करून वर्षानुवर्षे पडून राहू शकतात. पाणी मिळाले की जागे होतात. म्हणून मला नदीबद्दल आशा वाटते. तिचे गँगमन कायमचे गेलेले नाहीत, ते पाणी बरे होण्याची वाट पाहत आहेत. ड्युटीवर परत यायला त्यांना आपल्या ऑर्डरची गरज नाही.

आता रोज सकाळी तक्त्यावर सही करण्याआधी मी ती वही पाहतो. या वर्षी चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी त्या वहीतला आकडा रोजच्यासारखाच असावा, एवढेच मागणे बाप्पाकडे आहे, आणि तुमच्याकडेही.

गणपती बाप्पा मोरया!

(ता. क. – कार्यकारिणीने तिन्ही सूचना मानल्या. चतुर्दशीनंतर आम्ही हौद दोन दिवस तसाच ठेवला आणि मग पाणी थोडे थोडे सोडले. सोडायला सुरुवात केल्याच्या दुसऱ्या सकाळी वहीत नोंद होती, 'आज घंटी ९.' ऑपरेटरने त्यापुढे 'ठीक' असे लिहिले आहे.)